‘इंडस’ खेळावा का?

शिक्षकांच्या बैठकीत बोलणे अभ्यासक्रमावरून मुलांकडे वळले की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : मोबाइलवरचे हे लढायांचे खेळ मुलांनी खेळावेत का? जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले डोंगराळ तालुके. पाडे विखुरलेले, दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जाणारी. तरीही हा प्रश्न तेथे शहराइतकाच ताजा आहे. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून अनेक घरांत मोबाइल आला. पुढे शाळा उघडल्या, पण मोबाइल घरातच राहिला.

या प्रश्नावर दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, हे खेळ म्हणजे निव्वळ व्यसन; वेळ, डोळे आणि डोके तिन्ही बिघडवणारे. दुसऱ्या पक्षात तरुण शिक्षक आणि अकरावी-बारावीची मुले असतात. ते म्हणतात, शहरातली मुले खेळतात तर आम्हीच का मागे राहावे? शिवाय यात चपळाई आहे, डावपेच आहेत, संघाने वागणे आहे. दोन्ही बाजूंची तळमळ खरी आहे. पण या वादात प्रत्यक्ष खेळाकडे कोणी पाहत नाही. पुस्तक न उघडता त्याचे परीक्षण लिहावे तसा हा प्रकार होतो. म्हणून या लेखात एकच खेळ घेऊन तो उलगडून पाहू. खेळ आहे ‘इंडस बॅटल रॉयल’. तो निवडण्याचे कारण साधे आहे. तो आपल्या पुण्यात तयार झाला आहे.

बंदीने उत्तर मिळत नाही

आधी थोडा इतिहास. ‘पबजी मोबाइल’ हा खेळ भारतात २०१८ मध्ये आला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, मिळतील ती हत्यारे गोळा करतात आणि शेवटी जो उरेल तो जिंकतो, अशी त्याची रचना. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत हा खेळ होता. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने परतला. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा दुकानांतून उतरवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. दरम्यान फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’वर बंदी आली.

या सर्व बंदींमागचे कारण माहितीची सुरक्षितता आणि देशाचे सार्वभौमत्व हे होते. मुलांचे हित हा त्यांचा आधार नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. त्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांना मनाई केली. पैज नसलेल्या खेळांना आणि ई-क्रीडास्पर्धांना मनाई केली नाही. म्हणजे कायदा आपल्याला एवढेच सांगतो की अमुक खेळ चालेल आणि अमुक चालणार नाही. जो चालेल तो खेळण्याच्या लायकीचा आहे का, हे ठरवणे शिक्षकाकडे, पालकाकडे आणि खुद्द मुलाकडेच राहते.

खेळ काय आहे?

‘इंडस’ हा पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ या कंपनीने बनवला. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी तो अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर आला. त्याआधीच एक कोटीहून अधिक लोकांनी नावे नोंदवून ठेवली होती. खेळ फुकट उतरवून घेता येतो.

रचना पबजीच्याच घराण्यातली. ‘विरलोक’ नावाच्या जागेवर खेळाडू उतरतात, हत्यारे शोधतात, एकमेकांना बाद करतात. पण दोन गोष्टी निराळ्या आहेत. एक, जिंकण्याचा दुसरा मार्ग. डावाच्या उत्तरार्धात ‘कॉस्मियम’ नावाचे खनिज प्रकट होते. ते ताब्यात घेणाराही विजयी ठरतो, मग प्रतिस्पर्धी शिल्लक असले तरी चालते. दुसरी, ‘ग्रज’ म्हणजे वैर. ज्याने आपल्याला बाद केले त्याच्याशी वैर धरून पुढच्या डावात त्याला पुन्हा गाठण्याची ही सोय.

चित्रकाम आणि वेशभूषा भारतीय पुराणकथांवरून सुचलेली आहे. ‘सर-ताज’, ‘मोर-नी’ अशी पात्रांची नावे आहेत. हे सारे आपल्याकडच्या अभियंत्यांनी आणि चित्रकारांनी उभे केले, ही कौतुकाची गोष्ट आहे. दूरदूरचे खेळाडू एकाच क्षणी एकाच मैदानावर आणणे हे संगणकशास्त्रातले अवघड काम आहे. ज्या मुलांना संगणक म्हणजे परदेशातून येणारी वस्तू वाटते, त्यांना हे काम पुण्यात होते, हे जरूर सांगावे. बाहेरचे खेळ वापरण्यापेक्षा स्वतः खेळ घडवणे केव्हाही बरे.

पण खेळ आपला आहे म्हणून चांगला, असे म्हणता येत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकात चूक सापडली तर आपण ती दाखवतोच. मग खेळ कशावरून जोखायचा?

माझी कसोटी प्रयोगशाळेतली आहे. संशोधनात बहुतेक प्रयोग फसतात. तरीही ते करण्याजोगे असतात, कारण नीट आखलेला प्रयोग फसला तरी का फसला ते सांगून जातो. जो प्रयोग फसतो आणि काहीच सांगत नाही, त्यात वेळ वाया जातो. खेळालाही मी हाच प्रश्न विचारतो : हरलेल्याला आपण का हरलो हे खरेपणाने कळते का? कळत असेल तर तो खेळ शिकवतो. कळत नसेल, किंवा खोटे कारण कळत असेल, तर तो खेळ मुलाला स्वतःविषयी चुकीची समजूत देतो.

हुतुतूच्या तीन रीती

आता आपल्या मैदानावर येऊ. कबड्डीच्या, म्हणजे जुन्या हुतुतूच्या, तीन रीती पूर्वी प्रचलित होत्या : संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत गडी बाद झाला की बाहेर बसतो, पण प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की पुन्हा जिवंत होऊन आत येतो. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. अमरमध्ये गडी बाद झाला तरी मैदान सोडत नाही; समोरच्या संघाला फक्त गुण मिळतो. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पोहोचली ती संजीवनीच्या वळणाची.

ही वर्गवारी मोबाइलच्या खेळांना चपखल लागू पडते. ‘शेवटी उरेल तो जिंकेल’ या जातीचे सारे खेळ म्हणजे गामिनी. या खेळांत छोट्या चकमकींचाही प्रकार बहुधा असतो, त्यात बाद झालेला काही सेकंदांत पुन्हा उभा राहतो. ती झाली अमर. संजीवनी मात्र क्वचित दिसते.

गामिनीत काय होते ते गणिताने पाहू. समजा शंभर खेळाडूंचा डाव वीस मिनिटे चालला आणि खेळाडू सारख्या गतीने बाद होत गेले. तर एका खेळाडूच्या वाट्याला सरासरी दहा मिनिटे येतात. पण ही सरासरी फसवी आहे. तरबेज खेळाडू अठरा मिनिटे खेळतो आणि नवखा दोन मिनिटे. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच सर्वांत कमी सराव मिळतो. कच्च्या विद्यार्थ्याला दोन मिनिटांत वर्गाबाहेर काढावे आणि हुशार मुलाला तासभर शिकवावे, तशी ही रीत आहे.

यावर खेळाडूंचे उत्तर तयार असते. बाद झालो तर लगेच दुसरा डाव सुरू करता येतो, बाहेर कोण बसतो? हे खरे आहे. पण दुसऱ्या डावात माणसे दुसरी, जागा दुसरी, हत्यार दुसरे. मघाशी झालेली चूक त्याच परिस्थितीत सुधारून पाहण्याची संधी जाते. भाताच्या कापणीनंतर मोकळ्या खाचरात कबड्डी खेळणारा मुलगा पकडला जातो तेव्हा त्याला कोणी पकडले, कोठून पकडले, दम कोठे तुटला हे सगळे दिसते. थोड्या वेळात तो त्याच मैदानावर त्याच गड्यांपुढे परत येतो. प्रयोगाची भाषा वापरायची तर, तो बाकी सर्व घटक तसेच ठेवून एकच घटक बदलू शकतो. ‘इंडस’मध्ये एका डावापासून दुसऱ्या डावापर्यंत टिकते ते फक्त वैर.

डावात किती नशीब?

शंभर खेळाडू सारख्याच कौशल्याचे असतील आणि प्रत्येक जण एकटा खेळत असेल, तर जिंकण्याची शक्यता शंभरात एक. आता असे शंभर डाव खेळले तर एकदा तरी जिंकू, असे मुलांना वाटते. हिशेब करू. एका डावात न जिंकण्याची शक्यता ०.९९. शंभर डावांत एकदाही न जिंकण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा शंभरावा घात. तो येतो सुमारे ०.३७. म्हणजे सारख्याच कौशल्याच्या मुलांपैकी सुमारे ३७ टक्के मुले शंभर डाव खेळूनही एकदा जिंकणार नाहीत, आणि काही मुले तीन-चारदा जिंकतील. फरक कौशल्याचा नाही, केवळ योगायोगाचा आहे. पण न जिंकलेला मुलगा म्हणेल, ‘मला जमत नाही,’ आणि चारदा जिंकलेला म्हणेल, ‘मी पटाईत आहे.’ दोघांचेही निष्कर्ष चूक आहेत. आकडे खरे असूनही अर्थ खोटा निघतो.

जिंकणेही नेहमी खरे नसते. पबजी मोबाइलमध्ये नवख्यांच्या डावांत संगणकाने चालवलेले खेळाडू मिसळलेले असतात. ते सहज बाद होतात, नवख्याचा हुरूप वाढतो. वर्गात सर्वांना पैकीच्या पैकी गुण देऊन हुरूप वाढवण्याइतकेच हे प्रामाणिक आहे.

मग मुले खेळत का राहतात? याचे उत्तर कबुतरांनी दिले आहे. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये आपल्या प्रयोगांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कबुतराने चकतीवर चोच मारली की दाणा मिळतो. दर ठरावीक चोचींनंतर दाणा मिळाला तर दाणा मिळाल्यावर कबुतर जरा थांबते. पण कधी पाचव्या, कधी चाळिसाव्या चोचीनंतर दाणा मिळाला तर ते न थांबता भराभर चोची मारत राहते, आणि दाणे बंद केल्यावरही बराच वेळ मारते. बक्षीस केव्हा येईल हे ठाऊक नसणे हाच सर्वांत मोठा ओढा. शंभरातून एक जिंकण्याच्या खेळात हा ओढा आपोआप आलेला असतो. फुकट मिळणाऱ्या खेळांचे उत्पन्न जाहिरातींवर आणि पोशाख-सजावटीच्या विक्रीवर चालते. त्यामुळे खेळाडू जितका वेळ परत परत येईल तितका धंदा बरा. हा कोणा एका कंपनीचा दुष्टपणा नव्हे. फुकट खेळाच्या बाजाराचे हे सर्वसाधारण गणित आहे. ते मुलांना समजावून सांगायला हवे.

येथे एक सावधगिरी. खेळाची आवड म्हणजे आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत १ जानेवारी २०२२ पासून ‘खेळाचा विकार’ समाविष्ट आहे. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणे, खेळ बाकी सगळ्यांपेक्षा वरचढ होणे, नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे आणि त्यामुळे अभ्यास, घर, मैत्री यांची गंभीर हानी होणे, अशा खुणा लागतात. आणि हे साधारण वर्षभर चालावे लागते. रविवारी चार डाव खेळणाऱ्या मुलाला व्यसनी म्हटले तर पुढे खरोखर अडचणीत सापडलेले मूल आपल्याकडे येणार नाही.

पंचाचे घड्याळ

आता या दोन तालुक्यांना विशेष लागू असलेला मुद्दा. शिक्षकांनी वर्गात करण्यासारखा एक जुना प्रयोग आहे. एकाने पट्टी उभी धरायची, दुसऱ्याने तिच्या शून्याच्या खुणेशी चिमूट तयार ठेवायची. पट्टी सोडली की पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर खाली गेल्यावर पकडली तर वेळ किती? अंतर म्हणजे गुरुत्वत्वरणाची निमपट गुणिले वेळेचा वर्ग, या सूत्राने उत्तर येते सुमारे ०.२ सेकंद. हा मुलाचा प्रतिसादाचा वेळ. जव्हारचा मुलगा घ्या किंवा पुण्याचा, आकडा जवळपास सारखाच येईल.

मोबाइलच्या खेळात या वेळेत आणखी एक वेळ मिसळतो. बोट पडद्यावर टेकले की त्याची खबर दूरच्या मुख्य संगणकाकडे जाते आणि निकाल परत येतो. ही जा-ये मिलिसेकंदांत मोजतात. खेळाडू तिला ‘पिंग’ म्हणतात. हा वेळ अंतरामुळे लागतो असा समज आहे. तपासून पाहू. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुख्य संगणक मुंबईत आहे आणि तार २०० किलोमीटर लांबीची आहे असे धरले, तरी जाऊन येऊन ४०० किलोमीटरला फक्त २ मिलिसेकंद लागतात. म्हणजे दोष अंतराचा नाही. वेळ जातो तो मोबाइल आणि टॉवर यांच्यामध्ये. सिग्नल डोंगराने अडवला की खबर पुन्हा पुन्हा पाठवावी लागते. एकाच टॉवरवर पुष्कळ मोबाइल असले की प्रत्येकाला रांगेत थांबावे लागते.

समजा शहरातल्या मुलाचा पिंग ४० मिलिसेकंद आणि पाड्यावरच्या मुलाचा २०० आहे. पडद्यावरचा प्रतिस्पर्धी सेकंदाला ६ मीटर धावतो. ४० मिलिसेकंदांत तो २४ सेंटिमीटर सरकतो, २०० मिलिसेकंदांत १२० सेंटिमीटर. माणसाची रुंदी सुमारे ४५ सेंटिमीटर. म्हणजे पाड्यावरचा मुलगा जेथे नेम धरतो तेथे प्रतिस्पर्धी आता उभाच नाही. पट्टीच्या प्रयोगाच्या भाषेत बोलायचे तर त्याचा प्रतिसादाचा वेळ ०.२ वरून ०.४ सेकंद झाला आहे, आणि यात त्याचा काहीही दोष नाही.

खेळ बनवणाऱ्यांना ही अडचण ठाऊक असते. म्हणून अनेक खेळांत मुख्य संगणक प्रत्येक खेळाडूची थोड्या वेळापूर्वीची जागा लक्षात ठेवतो आणि गोळी सुटली तेव्हा गोळी मारणाऱ्याच्या पडद्यावर काय दिसत होते, हे मागे जाऊन तपासतो. युक्ती चतुर आहे, पण तिचा भुर्दंड दुसऱ्याला बसतो. तो आपल्या पडद्यावर भिंतीआड पोहोचलेला असतो आणि तरीही बाद होतो. कबड्डीत पंच, चढाई करणारा आणि पकडणारा एकाच क्षणात उभे असतात. येथे प्रत्येकाचा ‘आत्ता’ निराळा. दोघांनाही न्याय देईल असा पंच येथे असू शकत नाही.

मला यातले सर्वांत गंभीर वाटते ते हे. मुलगा हरतो, आणि त्याला कारण दिसते ते स्वतःचे बोट. टॉवर दिसत नाही, रांग दिसत नाही. ‘शहरातली मुले आपल्यापेक्षा तेज असतात’ हा निष्कर्ष तो नकळत काढतो. जी समजूत काढून टाकण्यासाठी जव्हार-मोखाड्यातले शिक्षक वर्षानुवर्षे झटत आहेत, तीच समजूत खेळ दर डावाला पक्की करतो. पण आकडा समोर ठेवला की हीच गोष्ट भौतिकशास्त्राचा सुंदर धडा होते. अशा खेळांत पिंगचा आकडा पडद्यावर पाहता येतो. तो वाचायला शिकवणे शिक्षकाच्या हातात आहे.

कॉस्मियम कोणाचे?

खेळाला कथाही असते आणि तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. ‘इंडस’ची कथा अशी : विरलोकावर ‘यक्ष’ नावाच्या लुप्त प्राचीन संस्कृतीचे अवशेष आहेत आणि तेथे कॉस्मियम हे अमोल खनिज सापडते. ‘कोव्हेन’ नावाची बलाढ्य संघटना भाडोत्री लढवय्ये पाठवते. खेळाडू म्हणजे हे लढवय्ये.

लढाई आणि राक्षस हे या भागातल्या मुलांना परके नाहीत. जव्हार-मोखाड्यात बोहाडा होतो. देवदेवतांची आणि राक्षसांची सोंगे मुखवटे घालून रात्ररात्र नाचतात, संबळ वाजतो, महिषासुर मारला जातो. त्यामुळे ‘हिंसा दाखवतात म्हणून खेळ वाईट’ हे म्हणणे मला अपुरे वाटते. फरक निराळा आहे. बोहाड्यात कोण कोणाशी आणि का लढते हे सर्व गावाला ठाऊक असते, आणि उत्सव संपला की मुखवटे उतरतात. राक्षसाचे सोंग घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी शेजारी म्हणूनच भेटतो. ‘इंडस’ने वैर हा खेळाचा विशेष म्हणून पुढे आणला आहे, तो याच्या नेमका उलटा. डाव संपला तरी मुखवटा उतरत नाही.

कथेतला दुसरा प्रश्न आणखी जवळचा आहे. दुसऱ्याच्या भूमीवर बाहेरचे लोक उतरतात, तेथली मोलाची वस्तू नेतात, आणि मूळच्या रहिवाशांचे उरतात ते फक्त सुंदर अवशेष. खेळात या व्यवहाराबद्दल प्रश्न विचारण्याला गुण नाहीत. खनिज उचलण्याला आहेत. मोखाड्यातल्या मुलाने हा प्रश्न विचारावा असे मला फार वाटते. त्याच्याच तालुक्यात मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ पासून तेथून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळते, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतात. मुंबईला पाणी लागते हे खरेच आहे. धरण आणि काल्पनिक लूट यांची बरोबरी करायची नाही. पण ‘वस्तू कोणाची, ती कोणाकडे जाते आणि मागे काय उरते?’ हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. पुण्याच्या कलावंतांनी भारतीय भविष्याची कल्पना केली. त्या भविष्यात मूळ रहिवाशाचे पात्र घेऊन आपली भूमी राखता आली असती, तर कल्पना खरोखर नवी ठरली असती.

दुसरी बाजू

आता खेळणाऱ्यांचा पक्ष. चपळाईचा त्यांचा दावा पोकळ नाही. ग्रीन आणि बॅव्हेलिअर यांनी २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले की वेगवान लढाईचे खेळ खेळणाऱ्यांचे दृश्य अवधान, म्हणजे नजरेच्या टप्प्यातल्या अनेक गोष्टींकडे एकदम लक्ष देण्याची क्षमता, अधिक चांगली असते. पूर्वी न खेळणाऱ्यांना रोज एक तास असा दहा दिवस सराव दिल्यावरही ही क्षमता वाढली. पण आकडा नीट वाचा. दहा तास. वर्षभर रोज तीन तास खेळण्याचे समर्थन या प्रयोगातून मिळत नाही. आणि नजरेचे अवधान वाढले म्हणजे गणित सुधारले असेही नाही.

अनेकांनी मिळून खेळण्याचे ऑनलाइन खेळ मुळातच निरुपयोगी, असेही कोणी म्हणू नये. वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ मध्ये ‘फोल्डइट’ हा खेळ सुरू झाला. त्यात प्रथिनाच्या साखळीची घडी घालायची असते. घडी जितकी नैसर्गिक, म्हणजे कमी ऊर्जेची, तितके गुण जास्त. २०११ मध्ये या खेळाच्या खेळाडूंनी माकडांतल्या एका विषाणूच्या विकराची रचना तीन आठवड्यांत सोडवण्याचा मार्ग दाखवला. तज्ज्ञ त्यासाठी कित्येक वर्षे झगडत होते. येथे प्रत्येक हालचालीला गुण वाढतात किंवा घटतात आणि ते का, हे आकृतीकडे पाहून समजते. हरलेल्याला कारण कळते.

निकाल आणि पुढचे काम

मग ‘इंडस’ खेळावा का? माझे मत असे. खेळाची घडण उत्तम आहे, आणि जिंकण्याचा दुसरा मार्ग ठेवण्याची कल्पना गामिनीच्या एकसुरीपणातून बाहेर पडण्याचा प्रामाणिक प्रयत्न आहे. पण आपल्या कसोटीला तो उतरत नाही. हरलेल्याला तो खरे कारण सांगत नाही. योगायोग आणि पिंग या दोन्ही गोष्टी तो मुलाच्या खात्यावर मांडतो. हत्यारांचा खेळ असल्याने तो लहान वर्गांसाठी नाहीच. मोठ्या मुलांनी दहा डाव खेळावेत, तेही वही शेजारी ठेवून. महिनोन् महिने देण्याजोगा तो नाही.

वहीत पाच रकाने आखावेत : डाव क्रमांक, पिंग, किती मिनिटे टिकलो, मला वाटलेले हरण्याचे कारण, आणि ते कारण मी कशावरून ठरवले. दहा मुलांच्या वह्या एकत्र केल्या की शंभर डाव होतात. पिंग आणि टिकण्याचा वेळ यांचा आलेख काढावा. बिंदू एखाद्या रेषेभोवती जमतात का ते पाहावे. जमले नाहीत तरी हरकत नाही. का जमले नाहीत यावर चर्चा होईल.

ज्या शाळेत मोबाइल नाहीत त्यांचे काहीच अडत नाही. मैदानावर एकाच संघांची कबड्डी तीन दिवस तीन रीतींनी खेळवावी : संजीवनी, गामिनी, अमर. प्रत्येक गड्याला किती मिनिटे खेळायला मिळाली याची नोंद एकाने घ्यावी. कोणत्या रीतीत कच्च्या गड्याला सर्वांत जास्त सराव मिळाला, कोणत्या रीतीत सामना चुरशीचा झाला, हे मुलांनीच ठरवावे. मग चौथी रीत त्यांनी स्वतः शोधावी. नियम बदलला की खेळ बदलतो, आणि नियम माणसेच ठरवतात, हे एकदा हाताला कळले की पडद्यावरच्या खेळाकडे पाहण्याची दृष्टीही बदलते. त्यानंतर ‘सर, हा खेळ खेळू का?’ असे विचारणारी मुले ‘सर, या खेळाचा हा नियम असा का?’ असे विचारू लागतील. त्या प्रश्नापासून पुढे खेळ घडवणारे अभियंते जव्हारमधूनही निघू शकतात.